फेरी, झडती आणि संशोधन : ‘सर्च’ या इंग्रजी शब्दाचा अर्थेतिहास

मराठीत हरवलेल्या मुलाचा शोध घेतात आणि संशयिताच्या घराची झडती घेतात. या दोन क्रिया भिन्न आहेत, हे भाषेने शब्द वेगळे ठेवूनच मान्य केले आहे. इंग्रजीत मात्र दोहोंसाठी ‘सर्च’ हा एकच शब्द पुरतो. आईने लेकरासाठी केलेला सर्च, जकात अधिकाऱ्याने प्रवाशाच्या पेटीचा केलेला सर्च आणि अभ्यासकाने ग्रंथालयात केलेला सर्च यांत शब्द बदलत नाही. हे इंग्रजीचे शब्ददारिद्र्य नव्हे. जिज्ञासा आणि अधिकार यांची जी सांगड त्या समाजाच्या इतिहासात पडली, तिची ती खूण आहे. या खुणेचा माग काढताना मराठीतील ‘शोध’, ‘झडती’ आणि ‘संशोधन’ या शब्दांकडेही नव्याने पाहावे लागते.

‘सर्च’चे मूळ लॅटिन ‘सर्कस’ या शब्दात आहे. ‘सर्कस’ म्हणजे वर्तुळ, कडे. विष्णुपंत छत्रे यांच्यामुळे मराठी माणसाच्या परिचयाचा झालेला खेळाचा ‘सर्कस’ हा शब्दही याच मूळचा. (ध्वनिसाम्यामुळे संस्कृत ‘चक्र’ याच कुळातले वाटण्याचा संभव आहे, परंतु ‘चक्र’ हा ग्रीक ‘किक्लोस’ व इंग्रजी ‘व्हील’ यांचा सगोत्र असून त्याचा धातू वेगळा आहे.) ‘सर्कस’पासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘सर्कारे’ हे क्रियापद झाले. त्याचा अर्थ भोवती फिरणे, फेरी घालणे. पुढे त्याच्या लेकी वेगवेगळ्या घरी गेल्या. स्पॅनिशमधील ‘सेर्कार’ने वेढणे, कुंपण घालणे हा अर्थ जपला, इटालियन ‘चेर्कारे’ व जुन्या फ्रेंचमधील ‘सेर्शिए’ यांचा अर्थ शोधणे असा झाला. फेरी घालणारा माणूस काहीतरी पाहतच फिरतो; फिरण्याचा अर्थ मागे पडून पाहण्याचा पुढे आला. आधुनिक फ्रेंचमध्ये आरंभीचा ‘स’ पुढील ‘श’च्या प्रभावाने बदलून ‘शेर्शे’ असे रूप झाले. इंग्रजीने तत्पूर्वीचे रूप उचलले, म्हणून तेथे ‘स’ टिकला.

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये राजदरबार, न्यायालये आणि खजिना यांची भाषा फ्रेंच झाली. ‘सर्च’ इंग्रजीत आला तो या दरबारी फ्रेंचमधून, १३०० च्या सुमारास. ही जागा रिकामी नव्हती. तेथे ‘सीक’ हा अस्सल देशी शब्द होता. त्याचे नाते सुगावा लागणे या अर्थाच्या लॅटिन ‘साजिरे’शी सांगितले जाते. स्कँडिनेव्हियन वसाहतकारांनी आणलेला ‘रॅन्सॅक’ही रुळला. ‘रन’ म्हणजे घर आणि दुसरा घटक ‘सीक’चाच भाऊबंद, चोरीच्या मालासाठी घर तपासणे हा त्याचा मूळ अर्थ. जुन्या आइसलँडी कायद्यात अशा तपासणीचे रीतसर नियम होते. आज मात्र ‘रॅन्सॅक’ म्हणजे लुटालूट, नासधूस. कायदेशीर तपासणीचा शब्द लुटीचा वाचक कसा व्हावा? ज्याचे घर तपासले जाते त्याला हे दोन अनुभव फारसे वेगळे वाटत नसावेत, असे या अर्थांतरावरून म्हणता येते.

‘सर्च’शी अधिकाराचे नाते आरंभापासून आहे. मध्ययुगीन बेनेडिक्टाइन मठांत ‘सर्का’ किंवा ‘सर्केटर’ म्हणून एक भिक्षू नेमलेला असे. त्याने मठात फेरी घालावी आणि कोण नियम मोडतो, हे पाहून सांगावे. फेरी आणि तपासणी हे दोन्ही अर्थ या एका पदात एकत्र दिसतात. इंग्लंडच्या बंदरांतून ‘सर्चर’ हा जकातीचा अधिकारी होता. यॉर्कसारख्या शहरात कारागिरांच्या संघांचे ‘सर्चर’ मालाचा दर्जा तपासत.

या पदनामाचा सर्वांत विलक्षण अवतार लंडनमध्ये आढळतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील पॅरिशांमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्त्यांमध्ये, मृतांची पाहणी करणाऱ्या ‘सर्चर’ स्त्रिया नेमल्या जाऊ लागल्या. त्या बहुधा वृद्ध, गरीब, पॅरिशच्या मदतीवर जगणाऱ्या विधवा असत. मृत्यूची घंटा वाजली की त्यांनी त्या घरी जायचे, प्रेत पाहायचे आणि मृत्यूचे कारण सांगायचे. या कामाचे त्यांना प्रेतामागे काही पेन्स मिळत. प्लेगच्या दिवसांत त्यांच्या एका शब्दावर घर बंद होई. त्यांच्या कथनांतून ‘बिल्स ऑफ मॉर्टॅलिटी’ हे मृत्यूंचे साप्ताहिक तक्ते तयार होत. १६६५ च्या तक्त्यांत ९७,३०६ मृत्यू नोंदले असून त्यांपैकी ६८,५९६ प्लेगचे आहेत.

जॉन ग्राँट या लंडनच्या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये याच तक्त्यांवर ग्रंथ लिहिला आणि लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला. शंभर जन्मांपैकी सुमारे ३६ मुले सहाव्या वर्षाआधी दगावतात, असा अंदाज त्याने मांडला. लंडनमध्ये मुलगे व मुली यांच्या जन्माचे प्रमाण १४ ला १३ असे पडते, हे दाखवून दिले. त्याने आपल्या साधनाची मर्यादाही ओळखली होती. पेलाभर मद्य आणि दुप्पट शुल्क मिळाले की या स्त्रिया गुप्तरोगाचा मृत्यू क्षयात ढकलतात, हे त्याने नमूद केले आहे. ‘सर्च’कडून ‘रिसर्च’कडे जाणारी वाट येथे स्पष्ट दिसते. नोंद गोळा करणे हा सर्च. नोंद कोणी केली, कोणत्या दडपणाखाली केली, ती कितपत ग्राह्य, हे तपासणे हा रिसर्च. ग्राँटचे नाव शास्त्राच्या इतिहासात राहिले. ज्यांच्या पायपिटीवर ते शास्त्र उभे राहिले, त्या स्त्रिया बहुतांशी अनामिक राहिल्या.

दुसरी वाट न्यायालयात गेली. जॉन एन्टिक हा सरकारवर टीका करणारा लेखक. १७६२ च्या नोव्हेंबरात सरकारी दूत त्याच्या घरात शिरले आणि चार तास कपाटे, पेट्या उघडून त्यांनी कागदपत्रे नेली. १७६५ मध्ये लॉर्ड कॅम्डेन यांनी निर्णय दिला, की कायद्याने असा अधिकार दिलेला नसेल तर मंत्र्याच्या हुकुमाने तो निर्माण होत नाही. हाच विचार पुढे अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौथ्या दुरुस्तीत (१७९१) उतरला. भारतातही १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झडतीच्या वेळी परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित, स्वतंत्र रहिवासी हजर ठेवण्याचे बंधन घातले. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्यात दृक्‌श्राव्य चित्रीकरणाची भर घातली. शोधणाऱ्यावरही कोणाची नजर हवी, हे तत्त्व या सर्वांमागे आहे.

‘रिसर्च’ म्हणजे पुन्हा शोधणे, अशी व्युत्पत्ती वर्गावर्गांतून सांगितली जाते. वस्तुतः फ्रेंच ‘रशेर्श’मधील उपसर्ग येथे पुनरावृत्तीचा नसून तीव्रतेचा आहे. कसून शोधणे हा मूळ अर्थ. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आलेला हा शब्द भारतात ठळकपणे अवतरला तो ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या रूपाने. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे (स्थापना १७८४) हे नियतकालिक १७८८ मध्ये सुरू झाले.

या शब्दाला भारतीय भाषांनी दिलेले प्रतिशब्द एकसारखे नाहीत. बंगालीने ‘गवेषणा’ स्वीकारला. त्याच्या मुळाशी गाईंचा शोध आहे. हिंदीने ‘शोध’ व ‘अनुसंधान’ हे शब्द घेतले. मराठी, गुजराती व कन्नड यांनी ‘संशोधन’ पत्करला. हिंदीत व बंगालीत मात्र ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. मराठीतील ‘घटनादुरुस्ती’ ही हिंदीत ‘संविधान संशोधन’ होते. मराठी विद्यार्थी दिल्लीत ‘मी संशोधन करतो’ असे हिंदीत म्हणाला, तर ऐकणाऱ्याला तो मुद्रितशोधक वाटावा! पण ही गफलत उद्बोधक आहे. ‘शुध्’ म्हणजे शुद्ध करणे. धातू, औषधी किंवा पाठ यांतील मळ काढणे हे शोधन. म्हणजे हिंदीने जपलेला अर्थ मुळाला धरून आहे आणि मराठीने त्याच मुळावर ज्ञानाची कल्पना बांधली आहे. १९१० मध्ये वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या नावात हा शब्द आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा तर दोन्ही अर्थ एकाच कामात भेटले. तेथे पाठ शुद्ध करणे हेच संशोधन होते.

‘झडती’चा इतिहासही केवळ पोलिसी नाही. पेशवे दप्तरात अजमास, बेहेडा आणि झडती असे हिशेबी कागद आढळतात. आधी अंदाज, मग नेमणूक आणि अखेरीस प्रत्यक्ष जमाखर्चाचा चुकता हिशेब, ती झडती. झाडून सारे पुढे आणणे ही कल्पना ‘झाडाझडती’त आजही जिवंत आहे. हिशेब प्रजेकडूनच नव्हे, कारभाऱ्याकडूनही घेतला जाई, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

संगणकयुगात ‘सर्च’ने एक वर्तुळ पुरे केले. शोधयंत्राची आज्ञावली महाजालावर एका पृष्ठावरून दुसऱ्यावर फिरत राहते. ‘सर्कारे’चा फेरी घालण्याचा अर्थ असा यंत्राच्या रूपाने परतला. माणूस मात्र जागचा हलेनासा झाला. त्याने विचारलेला प्रत्येक शब्द नोंदला जातो. २००६ च्या ऑगस्टमध्ये ‘एओएल’ने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांच्या शोधनोंदी अभ्यासकांसाठी खुल्या केल्या. त्यांत नावे नव्हती, क्रमांक होते; तरीही केवळ शोधलेल्या शब्दांवरून पत्रकारांनी एका वृद्ध स्त्रीला गाठले. शोध घेणाऱ्याचीच झडती झाली, आणि तीही पंचांवाचून.

अशा वेळी मराठीने राखलेला भेद मोलाचा ठरतो. ‘सर्च’ हा शब्द मराठीत आला आहे आणि राहील. त्याला हाकलण्याचे कारण नाही. मात्र तो ‘शोध’, ‘झडती’ आणि ‘संशोधन’ या तिन्ही शब्दांची जागा घेऊ लागला, तर त्यांच्यातील भेदही पुसट होतील. काही हाती लागणे म्हणजे शोध, त्यातील मळ काढणे म्हणजे संशोधन, आणि कोणी आपले घर चाळत असेल तर ती झडती. तिच्यासाठी हुकूम कोणाचा आणि साक्षीला कोण, हे विचारण्याचा हक्क त्या शब्दातच अनुस्यूत आहे.