क्लोज आणि क्लोजसॉकेट: एका भाऊबंदकीची कुळकथा

समजा, देवळ्याच्या बाजार समितीतले कांद्याचे भाव नाशिकच्या संगणकाकडे पाठवणारा छोटा प्रोग्राम कुणी लिनक्सवर लिहिला. तिथे तो बिनतक्रार चालतो. विंडोजवर नेला की हेडर फायलीच सापडत नाहीत. त्या बदलल्या, कंपाइल झालं, तरी पहिलंच सॉकेट, म्हणजे नेटवर्क जोडणीचं टोक, उघडताना १००९३ क्रमांकाची चूक समोर येते, कारण आधी डब्ल्यूएसएस्टार्टअप हे फंक्शन बोलवायचं राहिलेलं असतं. हे लचांड मायक्रोसॉफ्टच्या हट्टातून आलं, असा सर्रास समज आहे. मला तो अन्यायाचा वाटतो.

मूळ घराणं बर्कलेचं. १९८३ साली तिथल्या विद्यापीठाने ४.२ बीएसडी युनिक्स बाहेर काढलं आणि त्यात सॉकेट आलं. युनिक्समध्ये उघडलेल्या प्रत्येक फायलीला एक क्रमांक मिळतो, तसाच सॉकेटलाही दिला. त्यामुळे रीड, राइट, क्लोज ही फायलींची कामं सॉकेटवरही चालू लागली.

आपल्याकडे मात्र सुरुवात सॉकेटशिवाय झाली. १९८६-८७ च्या सुमारास अर्नेट या शिक्षण-संशोधन नेटवर्कच्या प्रकल्पात मुंबईची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संस्था आणि आयआयटी यांच्यात ईमेल सुरू झाली, ती फोन लावून, यूयूसीपी या युनिक्सच्या पद्धतीने. इंटरनेटचं टीसीपी-आयपी मागून आलं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांना खुलं केलं, तेव्हा त्या काळच्या विंडोज ३.१ मध्ये टीसीपी-आयपी नव्हतंच. ते वेगळं आणून बसवावं लागे.

घोळाचं मूळ इथेच आहे. अनेक कंपन्या आपापली टीसीपी-आयपी लायब्ररी विकत होत्या आणि एकीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर चालत नसे. १९९१ पासून त्यांनी एकत्र बसून विनसॉक ठरवलं, १.१ आवृत्ती जानेवारी १९९३ ची. सॉकेट बाहेरच्या लायब्ररीत राहणार, फायलींच्या यादीत नाही. मग साध्या क्लोजला ते ओळखू येणार कसं? म्हणून क्लोजसॉकेट. कुठल्या कंपनीची, कितवी आवृत्ती बसवली आहे हे आधी विचारायला हवं, म्हणून स्टार्टअप. विंडोज ३.१ मध्ये एक प्रोग्राम उत्तराची वाट पाहत अडून बसला तर सगळी खिडक्यांची दुनिया थांबे, म्हणून सॉकेटवर काही घडलं की निरोप देणारं डब्ल्यूएसएअसिंकसिलेक्ट. चूल वेगळी मांडली ती अशी, नाइलाजाने. उलट नाव वेगळं ठेवून त्यांनी उपकारच केले: क्लोज हेच नाव ठेवलं असतं, तर चूक गुपचूप आत राहिली असती.

अनेक सॉकेटांवर एकदम लक्ष ठेवणाऱ्या सिलेक्टमध्ये मात्र तेवढा प्रामाणिकपणा नाही. नाव तेच, पण लिनक्सवर सॉकेटचा क्रमांक १०२४ च्या आत लागतो, तर विंडोजवर एका वेळी किती सॉकेट हे मोजलं जातं, आणि ती मर्यादा मुळात ६४ ची.

उलट दिशेने, विंडोजकडून लिनक्सकडे येताना, सिगपाइप गाठतो. समोरच्याने तोडलेल्या जोडणीवर लिहिलं की हा संकेत अख्खा प्रोग्रामच बंद पाडतो. पाइपने जोडलेल्या आज्ञांपैकी पुढची थांबली की मागचीनेही थांबावं, यासाठी तो युनिक्समध्ये होता. सॉकेटला वारशाने मिळाला. तो टाळायला लिनक्सवर पाठवताना एमएसजी-नोसिग्नल लावतात, मॅकवर सॉकेटलाच एसओ-नोसिगपाइप. टेबलावरच्या चाचणीत तो सहसा दिसत नाही, कारण तिथे मध्येच जोडणी तोडणारं कुणी नसतं.