सशाचं ताट कुणी ठरवलं?

लेकरांच्या हट्टापायी आणलेला पांढरा ससा चार-सहा वर्षांचा झाला, की काही घरांत एक काळजी सुरू होते. हा एवढं पाणी का पितो? खातो, तरी वाळत का चालला? अशा वेळी एक मोठा संशय मूत्रपिंडावर, म्हणजे किडनीवर घ्यावा लागतो. मग त्याला खायला काय द्यायचं? हे कळायला थोडं मागं जावं लागतं. कारण सशाचं जे खाणं आपण बरोबर समजतो, ते दुसऱ्यांनी दुसऱ्याच कामासाठी ठरवलेलं आहे.

नागझिऱ्याच्या रस्त्यावर गाडीच्या उजेडात पळतो तो ससा आणि पिंजऱ्यातला ससा एक नव्हे. आपल्या रानातल्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. पंचतंत्रात सिंहाला विहिरीत पाडणारा तो हाच. त्याला धरून पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पाळीव सशाचं माहेर म्हणजे दूर स्पेनकडचा मुलूख. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक त्याला भिंती घातलेल्या आवारात ठेवत. त्याचं मूळ खाणं माळावरचं गवत आणि पाला.

त्याच्या शरीराची एक वेगळीच रीत आहे. आपलं आतडं कॅल्शियम साधारण गरजेपुरतंच रक्तात घेतं. सशाच्या पोटात जेवढं जास्त जाईल, तेवढं जास्त रक्तात उतरतं आणि उरलेलं किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणून त्याची लघवी मुळातच गढूळ असते. पण ती कालवलेल्या चुन्यासारखी घट्ट झाली, किंवा ससा कुंथू लागला, तर घाबरायचं कारण आहे.

आता आपल्याकडचं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली. ती आधी सशांना टोचली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःला. आपल्या पणज्या ज्या लसीनं वाचल्या असतील, तिच्यामागे हे मुके जीव आहेत. पुढे सरकारी संस्थांनी मांस आणि लोकरीसाठी ससेपालन शिकवलं. राजस्थानात अविकानगरला १९६२ साली मेंढी व लोकर संशोधन संस्था निघाली, तिथंही पुढे सशांवर काम झालं. मांसाच्या सशाचा हिशेब सरळ असतो: तीन महिन्यांत दोन किलोच्या आसपास भरला पाहिजे. म्हणून लसूणघास, बरसीम, दाणा, ढेप. तीन महिन्यांच्या जिवाची किडनी थकणार कधी? घरचा ससा मात्र आठ-दहा वर्षं जगू शकतो. त्याला रोज तेच ताट वाढलं, तर तो भार त्याच किडनीवर पडतो.

लसूणघासाचा लसणाशी काही संबंध नाही बरं का. ‘ल्युसर्न’ या विलायती नावाला आपल्या जिभेनं दिलेलं हे रूप. इराणकडून तो ग्रीसला गेला आणि घोड्यांचा चारा म्हणून जगभर पसरला. घोड्याला, दुभत्या गाईला तो सोन्यासारखा. पण साध्या वाळल्या गवताच्या दोन-तीन पट कॅल्शियम त्यात असतं, म्हणून आजारी सशाच्या पिंजऱ्यातून तो आधी काढावा. शेवग्याच्या आणि मेथीच्या पाल्याचंही तेच. अंगणवाडीत आपल्याला शेवगा खा म्हणून सांगतात ते खरंच आहे, पण आपली पथ्यं वेगळी आणि त्याची वेगळी. पालक आणि राजगिऱ्यातलं ऑक्झलेटही नको. हरभरा, लाखोरीचा दाणा, बिस्किटं, गूळ बंद.

द्यायचं काय? गवत, आणि पोटभर. बांधीच्या धुऱ्यावर फवारणी झाली नसेल तर तिथलं मऊ गवत, हरळी, मारवेल, कुसळ यायच्या आत कापून सावलीत वाळवलेलं. धानाचं तणस गाईला चालतं, सशाचं तेवढ्यावर भागत नाही. दात जन्मभर वाढतात, ते झिजायलाही गवतच लागतं. सोबत थोडी काकडी, लौकीची फोड, चार काड्या सांभार, पाण्यानं ओली असतानाच. तेवढंच पाणी जास्त पोटात जातं. लघवी सारखी करतो म्हणून पाण्याचं भांडं काढून घेणारी घरं आम्ही पाहिली आहेत. तसं कधीच करू नका, किडनी आणखी लवकर बसते.

कॅल्शियम पार तोडायचं नाही, हाडांना आणि दातांना ते लागतंच. खाणं आठवडाभरात हळूहळू बदलायचं. बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तर उपास घडू देऊ नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जाताना तो रोज काय खातो ते कागदावर लिहून न्या, आणि जमलं तर बाटलीत थोडी लघवीही.