ताजीन, दफीना आणि स्लो कुकर : मंद आचेच्या एका पाकपद्धतीचा शब्देतिहास

मोरोक्कोच्या पाकशास्त्राचा उल्लेख होताच ‘ताजीन’ हा शब्द पुढे येतो. विजेच्या स्लो कुकरमध्ये कोंबडी, कांदा, सुंठ, केशर, खारवलेले लिंबू आणि ऑलिव्हची फळे एकत्र करून सहा-सात तास शिजविलेल्या रश्श्यालाही आता युरोप-अमेरिकेत हेच नाव दिले जाते. परंपरेचे अभिमानी याला शब्दाचा दुरुपयोग म्हणतात. भांडे बदलले तरी पदार्थ तोच राहतो, असे सोयीचे पुरस्कर्ते सांगतात. मोरोक्कोत मंद आचेवर शिजविण्याची पद्धती एकच आहे, हे मात्र दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले असते. शब्दांचा पुरावा या गृहीतकाला अनुकूल नाही. तेथे निदान दोन भिन्न परंपरा नांदत आल्या असून स्लो कुकरचे नाते त्यांपैकी दुसरीशी आहे.

१. भांड्यावरून पडलेले नाव

‘ताजीन’ हे अरबी ‘ताजिन’ या शब्दाचे मगरिबी रूप होय. दहाव्या शतकातील कोशकार अल्-जौहरी याने आपल्या ‘सिहाह’ या कोशात हा शब्द परभाषेतून आलेला ठरविला आहे. त्याचे प्रमाण ध्वनिव्यवस्थेचे आहे. कठोर ‘ता’ आणि ‘जीम’ ही दोन व्यंजने मूळ अरबी शब्दांत एकत्र येत नाहीत; सबब हा शब्द अरबी नव्हे. त्याचा निर्णय अचूक होता. ‘तागेनॉन’ अथवा ‘तेगानॉन’ या ग्रीक शब्दापासून, बहुधा अरामी भाषेच्या मध्यस्थीने, तो अरबीत आला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ तळण्याचे पसरट भांडे असा होता, आणि जौहरीही त्याचा अर्थ तळण्याचे पात्र असाच देतो.

आज मात्र ताजीनमध्ये प्रामुख्याने तळले जात नाही. ही अर्थच्युती एकाकी नाही. केशर, सुंठ आणि तेल यांत शिजविलेल्या कोंबडीला मोरोक्कोत ‘मकल्ली’ म्हणतात. हा शब्द ‘तळणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून सिद्ध झाला आहे. कृती बदलली; जुन्या कृतीची नावे तेवढी शिल्लक राहिली.

ताजीनची विद्यमान कृती पाहता तिचा मर्मबिंदू ध्यानात येतो. निखाऱ्यांच्या शेगडीवर उथळ मातीचे भांडे ठेवून त्यावर शंकूच्या आकाराचे झाकण घालतात. वाफेचा काही अंश झाकणाला लागून पुन्हा खाली उतरतो, काही निसटून जातो. अखेरीस पाणी आटून कांद्याचा दाट, तेल सुटलेला रस्सा उरतो. त्याला ‘दग्मीरा’ ही स्वतंत्र संज्ञा आहे. रांधणारी व्यक्ती निखारे कमी-अधिक करीत जवळच असते. ही मंद आच राखणदारीची आहे.

यात पडणारे लिंबू मिठात मुरविलेले असते. त्याचे मोरोक्कन विशेषण ‘मरक्कद’ म्हणजे शब्दशः ‘निजविलेले’. मराठीतील ‘मुरलेले’ या विशेषणाशी त्याची तुलना उद्बोधक ठरते. १३०४ साली टँजियर येथे जन्मलेला प्रवासी इब्न बतूता हिंदुस्थानातील कैरीच्या लोणच्याचे वर्णन करताना आपल्या देशात लिंबे अशीच खारवितात, असे सांगतो.

२. कृतीवरून पडलेली नावे

दुसरी परंपरा मोरोक्कोतील यहुदी समाजाची. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ पाळावयाचा. त्या अवधीत अग्नी पेटविणे आणि अन्न शिजविणे निषिद्ध. तथापि शनिवारी दुपारी ऊन जेवण घेणे सणाला साजेसे मानले जाई. यावर निघालेला मार्ग असा : पात्र शुक्रवारीच आचेवर चढवावयाचे, त्याचे तोंड बंद करावयाचे आणि रात्रभर त्याला हात लावावयाचा नाही. मोरोक्कोत ही भांडी सार्वजनिक भट्टीत नेऊन ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी घरी आणीत.

या अन्नाची नावे अर्थपूर्ण आहेत. ‘दफीना’ म्हणजे पुरलेली. मराठीत रुळलेला ‘दफन’ हा शब्द त्याच धातूचा. ‘सखीना’ म्हणजे गरम. हिब्रू ‘हमीन’ याचाही अर्थ तोच. बगदादच्या यहुद्यांत भात भरलेल्या कोंबडीला ‘तबीत’ म्हणतात. ‘रात्र काढणे’ या अर्थाचा धातू तिच्या मुळाशी आहे. यांतील एकही नाव भांड्याचे नाही. पुरणे, ऊब आणि रात्र, म्हणजेच पद्धती आणि काळ, यांचीच ती नावे आहेत.

तेराव्या शतकातील एका अनामिक अंदलुसी पाकग्रंथात काही यहुदी पाककृती आहेत. त्यांत कोंबडी व तितर यांच्या कृती असून एकीला ‘मदफून’, म्हणजे ‘पुरलेली’, असे विशेषण लावलेले आहे. १४९२ साली स्पेनमधून यहुद्यांची हकालपट्टी झाली, तेव्हा अनेक कुटुंबे फेझ आदी नगरांत येऊन स्थायिक झाली. जे बाप्तिस्मा घेऊन मागे राहिले, त्यांच्या वाट्याला धर्मन्यायपीठाची चौकशी आली. त्या दफ्तरांत ‘अदाफिना’ शिजविल्याचा आरोप गुप्त यहुदी आचाराचा पुरावा म्हणून येतो, आणि साक्षीदार बहुधा घरातीलच नोकरचाकर असतात. शुक्रवारी चुलीवर चढलेले भांडे माणसाच्या जिवावर बेतू शकत होते.

मराठी वाचकाला हा प्रकार सर्वस्वी अपरिचित नाही. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली गोव्याच्या धर्मन्यायपीठाचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला. तेथील १७३६ च्या आज्ञापत्रात मिठाशिवाय भात शिजविण्याची हिंदू रीतही निषिद्ध आचारांत गणली गेली होती. कोकणातील मराठीभाषी बेने इस्रायल समाजाला मात्र शनिवारी घाणा बंद ठेवण्यावरून ‘शनवार तेली’ हे केवळ व्यवसायदर्शक नाव मिळाले. पाळणूक तीच, एके ठिकाणी तिचा आरोप झाला, दुसरीकडे नुसती ओळख.

३. स्लो कुकरची वंशावळ

पूर्व युरोपातील यहुद्यांत याच शब्बाथच्या अन्नाला ‘चोलेंत’ म्हणतात. अमेरिकेतील संशोधक अर्व्हिंग नॅक्सन याची आई लिथुएनियातील विल्ना येथील आठवण सांगत असे : शुक्रवारी चोलेंतचे भांडे बेकरीत नेऊन ठेवावयाचे आणि विझत आलेल्या भट्टीच्या उबेत ते रात्रभर शिजू द्यावयाचे. त्यावरून नॅक्सनला विद्युत्-तारेने सर्व बाजूंनी वेढलेल्या पात्राची कल्पना सुचली. १९३६ साली त्याने एकस्वासाठी अर्ज केला. १९४० साली ते मंजूर झाले. १९७० मध्ये रायव्हल या कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ पासून ‘क्रॉक-पॉट’ या नावाने हे पात्र घरोघरी पोहोचले.

या पात्राचे गुणधर्मही त्याच कुळाची साक्ष देतात. उष्णता बाजूंनी येते, झाकण बंद असते, पाणी जवळजवळ आटत नाही आणि कोणी जवळ थांबण्याचे कारण पडत नाही. म्हणूनच ताजीनची कृती जशीच्या तशी त्यात घातल्यास रस्सा पातळ होतो. कांदा अगोदर परतून घ्यावा लागतो. पाणी अगदी थोडे पुरते, कारण कोंबडी आणि कांदा यांनाच पुष्कळ सुटते. तंगडीच्या मांसातील चिवट तंतू दीर्घकाळाच्या उष्णतेने विरघळून रश्श्याला अंग येते. छातीचे मांस मात्र तेवढ्या वेळात कोरडे पडते. लिंबू व ऑलिव्ह शेवटच्या अर्ध्या तासातच घालावे, अन्यथा रस्सा कडवट आणि खारट होतो. अखेरीस तो उघड्या भांड्यात आटवून घेतला, तरच दग्मीरा लाभतो. ताजीनमध्ये जे आपोआप घडते, ते येथे निराळ्या क्रियांनी साधावे लागते.

४. निष्कर्ष

तात्पर्य, स्लो कुकरमधील मोरोक्कन कोंबडी मसाल्याने ताजीन, परंतु पाकक्रियेने दफीना आहे. हमामखान्याच्या भट्टीतील राखेत मातीचा बुधला पुरून शिजविली जाणारी मराकेशची ‘तंजिया’ पाहता, न राखलेल्या आचेची ही रीत मोरोक्कोच्या मुसलमान समाजातही रुजलेली दिसते. तेव्हा यंत्राने परंपरा बिघडविली, हा आक्षेप टिकत नाही; आणि पदार्थ तोच राहिला, हा दावाही टिकत नाही. १९४८ नंतर मोरोक्कोतील बहुसंख्य यहुदी देशांतर करून गेले आणि त्यांच्या वस्त्यांतील भट्ट्यांकडे शुक्रवारी येणारी भांडी विरळ झाली. ज्या पद्धतीच्या नावावरून कधी काळी माणसे न्यायपीठापुढे उभी केली गेली, ती आज दुसऱ्याच एका भांड्याच्या नावाखाली जगभर चालू आहे. शब्द भांड्याचा टिकला, रीत रात्रीची टिकली. आणि या दोहोंचा मेळ घालताना त्या रीतीचे मूळ नाव तेवढे गळून पडले.