बाटली तीच, लेबल नवं

आजकाल अमेरिकेहून कोणी येणार असलं की बॅगेत काही गोष्टी ठरलेल्या असतात. चॉकलेटं, बदाम, परफ्यूम आणि फिश ऑईलची ती भलीमोठी बाटली. वर 'ओमेगा-३', '१००० मिग्रॅ' असं ठळक अक्षरांत. आजी-आजोबांना सांध्यांसाठी, बाबांना हृदयासाठी, पोरांना बुद्धीसाठी आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या आपल्याला डोळ्यांसाठी. एकाच गोळीत एवढं सगळं? असं काही दिसलं की माझ्यातल्या इंजिनिअरला राहवत नाही. ही फीचर्सची यादी लिहिली कोणी? आणि टेस्टिंग कोणी केलं? गेले दोन-तीन वीकेंड त्यातच गेले. गोष्ट मजेशीर आहे, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

आधी एक घोळ निस्तरू. 'माशाचं तेल' या नावाखाली दोन वेगवेगळी तेलं विकली जातात. एक कॉड लिव्हर ऑईल, म्हणजे कॉड माशाच्या यकृतातलं तेल. त्याची खरी दौलत म्हणजे अ आणि ड जीवनसत्त्व. दुसरं फिश ऑईल, म्हणजे अँकोव्ही, सार्डिन (आपली तारली) अशा तेलकट माशांच्या अख्ख्या अंगातून काढलेलं. त्यात महत्त्वाची ईपीए आणि डीएचए नावाची दोन ओमेगा-३ स्निग्धाम्लं. यकृताच्या तेलातही ती असतात, पण त्याचं नाव झालं ते जीवनसत्त्वांमुळे. आणि माझं म्हणणं असं, की पहिल्या तेलाने कमावलेल्या पुण्याईवर दुसऱ्या तेलाने बरीच वर्षं संसार केला.

ती पुण्याई खरी होती बरं का. उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर हिवाळ्यात कॉडची प्रचंड मासेमारी चालते. पूर्वी तिथे माशांची यकृतं पिंपात टाकून ठेवत. ती कुजली की तेल वर तरंगायचं. काळपट, घाण वासाचं. दिव्याला, कातडी कमवायला आणि घरगुती औषधाला ते वापरत. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या रुग्णालयात ते संधिवातावर देऊ लागले. १८४१ मध्ये एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट या डॉक्टरने त्यावर पुस्तकच लिहिलं. पण प्यायचं कसं? १८५० च्या दशकात पीटर म्यॉलर या नॉर्वेजियन औषधविक्रेत्याने ताज्या यकृतांना वाफ देऊन तेल काढायची पद्धत आणली, तेव्हा कुठे ते जरा गिळण्याजोगं झालं.

तोपर्यंत सगळं 'म्हणे'वर चाललं होतं. तेल क्षयावर चालतं म्हणे, संधिवातावर चालतं म्हणे. खरा पुरावा आला तो मुडदुसाबाबत. औद्योगिक शहरांच्या काळोख्या गल्ल्यांत वाढणाऱ्या पोरांची हाडं मऊ राहायची, पाय धनुष्यासारखे वाकायचे. एडवर्ड मेलनबी या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कुत्र्याच्या पिल्लांना घरात कोंडून, ओटच्या लापशीसारख्या खाण्यावर ठेवून मुडदूस घडवून आणला आणि कॉड लिव्हर ऑईल देऊन तो थांबवून दाखवला. महायुद्धानंतर उपासमारीने गांजलेल्या व्हिएन्नात हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी तेच लहान मुलांवर पडताळलं. तेल द्या किंवा ऊन द्या, मुडदूस बरा होतो. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलमने तेल तापवून, त्यातून हवा खेळवून त्यातलं अ जीवनसत्त्व नष्ट केलं. तरीही तेल मुडदुसावर चाललंच! म्हणजे आत आणखी काहीतरी होतं. त्यालाच ड जीवनसत्त्व हे नाव मिळालं.

याला म्हणतात डीबगिंग. एक घटक काढा, परिणाम टिकतो का बघा.

पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने लहान मुलांना आणि गरोदर बायकांना कॉड लिव्हर ऑईल वाटलं. आपल्याकडेही या गोष्टीचा एक धागा येतो. १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे घेतलं आणि तिथलं तेल यायचं बंद झालं. तेव्हा मद्रास, त्रावणकोर आणि मुंबई इथल्या सरकारांनी आपल्या समुद्रातल्या शार्कच्या, म्हणजे आपल्या मुशीच्या यकृताचं तेल काढायला घेतलं. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. निकड लागली की कोकण किनाऱ्याची मुशी नॉर्वेच्या कॉडची जागा घेते, ती अशी.

आता या सगळ्या यशामागची अट लक्षात घ्या. ज्यांना ऊन नव्हतं, धड अन्न नव्हतं, त्यांना तेलाने फायदा झाला. तेल चमत्कारी नव्हतं, पोरांच्या अंगात एका गोष्टीची कमतरता होती आणि तेल ती भरून काढत होतं. दुधात ड जीवनसत्त्व घालायची पद्धत आली, मुडदूस ओसरला आणि बाटलीचं काम खरं तर संपत आलं.

आणि नेमकं तेव्हा ग्रीनलंड आलं.

१९७० मध्ये हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न ड्यूरबर्ग हे दोन डॅनिश डॉक्टर ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या उमानाक भागात गेले. बर्फ, कुत्र्यांच्या घसरगाड्या, सगळं साग्रसंगीत. तिथले इनुइट लोक (तेव्हा त्यांना सर्रास एस्किमो म्हणत) सील, व्हेल आणि मासे खाऊन राहायचे, म्हणजे आहारात चरबीच चरबी. तरी त्यांच्यात हृदयविकार फार कमी आहे असं तेव्हा बोललं जाई. या दोघांनी १३० जणांचं रक्त घेतलं. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराईड डेन्मार्कच्या लोकांपेक्षा कमी निघाले. डेन्मार्कमध्ये जाऊन राहिलेल्या इनुइटांपेक्षाही कमी. म्हणजे फरक फक्त रक्ताच्या नात्यातला नव्हता, खाण्यातलाही होता. १९७१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख आला. पुढे त्यांच्या रक्तात ईपीए भरपूर सापडलं, रक्त गोठायला जास्त वेळ लागतो हेही दिसलं. दुवाही जुळला. ईपीएमुळे रक्तातल्या प्लेटलेट कमी चिकटतात, गुठळ्या कमी होतात, झटका टळतो. किती सुंदर थिअरी!

पण एक भोक राहिलं होतं. त्यांनी रक्त मोजलं होतं, हृदयविकार मोजला नव्हता. तो कमी आहे ही माहिती सरकारी आरोग्य अहवाल आणि मृत्यूच्या नोंदींवरून आली होती. आणि ग्रीनलंडच्या दूरदूरच्या वस्त्यांमध्ये डॉक्टर पोचतच नसे, माणूस कशाने गेला हे बऱ्याचदा न तपासताच लिहिलं जाई. आमच्या धंद्यात हे रोज बघायला मिळतं. सर्व्हरवर लॉगिंगच बंद असेल तर एरर शून्य दिसणारच! :-)

२०१४ मध्ये जॉर्ज फोडोर या कॅनडातल्या हृदयतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी जुन्या-नव्या नोंदी पुन्हा चाळल्या. इनुइटांमध्ये हृदयाच्या धमन्यांचा विकार इतरांइतकाच होता, आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचे मृत्यू उलट जास्त. पुढच्याच वर्षी असंही दिसलं की हजारो वर्षं असा आहार खाल्ल्याने त्यांच्या जनुकांतच स्निग्धाम्लं पचवण्याच्या बाजूने बदल झालेत. म्हणजे त्यांना जे लागू पडतं ते सदाशिव पेठेत लागू पडेलच असं नाही. २०१९ मध्ये तर ग्रीनलंडमधल्या सोळाव्या शतकातल्या ममींचं सीटी स्कॅन झालं, आणि त्यातल्या काहींच्या धमन्यांत चुना साचलेला दिसला. चार-पाचशे वर्षांपूर्वी, मुख्यतः समुद्रातलं खाणाऱ्या लोकांच्या धमन्यांत!

अर्थात पाया कच्चा निघाला म्हणून वरचं सगळंच खोटं ठरत नाही. माणसांवर चाचण्या घेऊन बघायला हवं, आणि ते झालंही. १९८९ मध्ये वेल्समध्ये झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांची चाचणी झाली. ज्यांना आठवड्यातून दोनदा तेलकट मासे खायला सांगितले, त्यांच्यात दोन वर्षांत मृत्यू २९ टक्के कमी झाले. १९९९ मध्ये इटलीत ११,३२४ रुग्णांवरच्या 'जिस्सी' चाचणीत रोज एक ग्रॅमच्या कॅप्सूलने मृत्यू साधारण एक-पंचमांशाने घटले. मग काय विचारता! २००२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयरुग्णांना रोज सुमारे एक ग्रॅम ईपीए-डीएचए घ्यायला सांगितलं, आणि कॅप्सूल औषधाच्या दुकानातून किराणा दुकानात येऊन बसली.

फक्त वेल्सच्याच त्या गटाची पुढची चाचणी फार कोणी सांगत नाही. २००३ मध्ये छातीत दुखणाऱ्या (अंजायनाच्या) ३,११४ पुरुषांवर तोच सल्ला देऊन पाहिला. फायदा नाही. उलट हृदयाचे मृत्यू थोडे जास्त, त्यातही कॅप्सूल घेणाऱ्यांत.

मग मोठ्या चाचण्या आल्या. २०१२ मध्ये १२,५३६ लोकांची 'ओरिजिन', फायदा नाही. २०१८ मध्ये १५,४८० मधुमेहींची 'असेंड', सात वर्षांहून जास्त चाललेली. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे गंभीर झटके तेल घेणाऱ्यांत ८.९ टक्के, बनावट गोळी घेणाऱ्यांत ९.२. म्हणजे फरक नाहीच. त्याच वर्षी अमेरिकेत २५,८७१ निरोगी लोकांची 'व्हायटल'. मुख्य निकालात ना हृदयविकार कमी, ना कॅन्सर.

इटलीत चाललं आणि इथे का नाही? एक कारण असं, की 'जिस्सी'त बनावट गोळीच नव्हती, कोण तेल घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं. दुसरं, त्या काळी फार थोडे रुग्ण स्टॅटिन घेत असत. नंतर औषधंच इतकी सुधारली की तेलाला करायला काही उरलं नसावं.

एक चाचणी मात्र डोकं खाते. २०१८ चीच 'रिड्यूस-इट'. ट्रायग्लिसराईड जास्त असलेले ८,१७९ रुग्ण, स्टॅटिन चालूच, वर शुद्ध केलेलं ईपीए रोज ४ ग्रॅम. झटके, मृत्यू वगैरे मिळून २५ टक्के घट! पण तुलनेच्या गटाला खनिज तेल दिलं होतं, आणि त्या गटाचं कोलेस्टेरॉल चाचणी चालू असताना वाढलं. औषध चांगलं होतं की प्रतिस्पर्ध्याचे पाय बांधले होते, यावर भांडण झालं. दुसरीकडे १३,०७८ रुग्णांवर 'स्ट्रेंग्थ' चाचणी चालूच होती. ४ ग्रॅम ईपीए-डीएचए, समोर मक्याचं तेल. फायद्याची आशा दिसेना म्हणून २०२० मध्ये ती मुदतीआधीच थांबवली. शिवाय दोन्ही चाचण्यांत तेल घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास (एट्रियल फिब्रिलेशन) जास्त आढळला. डोस वाढला की हा धोका वाढतो.

जरा हिशोबही करू. साध्या '१००० मिग्रॅ' कॅप्सूलमध्ये हजार मिलीग्रॅम असतं ते तेल. मागचं बारीक अक्षर वाचा. त्यात बहुधा १८० ईपीए आणि १२० डीएचए, एकूण ३००. 'रिड्यूस-इट'इतकं ईपीए हवं तर रोज बावीस कॅप्सूल गिळाव्या लागतील. म्हणजे जाहिरातीत त्या चाचणीचं नाव घेऊन रोज एक गोळी विकणं म्हणजे निव्वळ थाप.

इथे कोणी म्हणेल, जाऊ दे ना, फायदा नाही तर तोटा तरी काय? तोटा असा होतो. नात्यातल्या एका काकांनी अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांची गोळी 'केमिकल' म्हणून परस्पर बंद केली आणि ही 'नॅचरल' कॅप्सूल मात्र न चुकता चालू ठेवली. ज्या गोळीमागे भक्कम पुरावा आहे ती डस्टबिनमध्ये, आणि ज्या गोळीमागे सुंदर गोष्ट आहे ती देव्हाऱ्यात. त्यांच्या मुलीने डॉक्टरांकडे नेऊन गाडी रुळावर आणली म्हणून बरं. गोष्टीची ताकद ही अशी असते, म्हणून ती तपासून घ्यावी लागते.

मग तेल निरुपयोगी म्हणायचं का? तसंही नाही. २०१८ मध्ये गरोदरपणातल्या ७० चाचण्यांचा एकत्र आढावा आला. ओमेगा-३ घेणाऱ्या बायकांमध्ये ३७ आठवड्यांच्या आत होणारी बाळंतपणं १३.४ वरून ११.९ टक्क्यांवर आली होती. (पण बाईच्या डॉक्टरला विचारून, आणि यकृताचं तेल नव्हे, कारण गरोदरपणात अ जीवनसत्त्व जास्त झालं तर बाळाला धोका.) ट्रायग्लिसराईड फारच वाढलेले असतील तर डॉक्टर मोठ्या डोसमध्ये औषध म्हणून देतात. आणि 'व्हायटल'च्या आकड्यांत एक बारीक खूण आहे. जे लोक मासे कमी खात होते, त्यांच्यात तेलाने थोडा फायदा दिसला. असे पोटगट पाडले की काही ना काही सापडतंच, त्यामुळे मी त्यावर पैज लावणार नाही. पण ही खूण ओळखीची वाटते. व्हिएन्नाच्या पोरांचा धडाही तोच होता. ज्याच्याकडे कमी आहे त्याला द्या.

तेव्हा बांगडा, तारली खाणाऱ्या घरात ती बाटली बहुतेक शोभेची. बांगडा स्वस्त, वर तिरफळं घालून केलेली आमटी कुठल्याही कॅप्सूलमध्ये मिळत नाही. :-) शाकाहारी मंडळींसाठी जवस आहेच, पण जवसातल्या ओमेगा-३चं शरीरात ईपीए, डीएचए फार थोडं होतं. आणि गंमत म्हणजे मासाही हे मुळात स्वतः बनवत नाही, समुद्रातल्या शेवाळातून साखळीने त्याच्याकडे येतं. त्या शेवाळाचं थेट तेलही मिळतं, गरज असेल तर ते घेता येतं.

पुढच्या वेळी अमेरिकेतून फोन आला, "काय आणू?" म्हणून, तर मी बदाम सांगणार आहे.