हुंडणावळ : एक विसरलेला शब्द

जुन्या मराठी अर्थलेखनात परकीय चलनाच्या विनिमयदराला ‘हुंडणावळ’ म्हणत. हुंडीशी नाते सांगणारा हा शब्द आज जवळजवळ विस्मरणात गेला असून त्याच्या जागी ‘फॉरेक्स’ हा सुटसुटीत परका शब्द रुळला आहे. शब्द गेला की त्याच्याभोवती साठलेला अनुभवही जातो. घरबसल्या डॉलर-रुपयाचे व्यवहार करून चार पैसे गाठीला बांधू पाहणाऱ्या नवख्या माणसाने निदान एकदा तरी या अनुभवाची उजळणी करावी, असे आम्हांस वाटते. हा शब्द ज्यांच्या भाषेतला, त्या साहित्याच्या अभ्यासकांनीही त्याकडे पाठ फिरवू नये.

उत्तर पेशवाईत महाराष्ट्रात एकच एक रुपया नव्हता. अंकुशी होता, चांदवडी होता, आणखीही कितीतरी होते. एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या पेठेत पुऱ्या मोलाने चालेलच असे नसे. सराफ त्याचा कस, वजन आणि झीज पाहून काही रक्कम कापून घेई. हाच बट्टा. नावाला बट्टा लागतो असे आपण म्हणतो, तेव्हा सराफाच्या पेढीवरचाच शब्द वापरत असतो. या बट्ट्यात चलनबाजाराचे दोन मूलभूत धडे आहेत. पहिला असा की, नाण्याला एकट्याने भाव नसतो. तो नेहमी दुसऱ्या नाण्याच्या तुलनेत असतो. म्हणून आजही चलने जोडीनेच विकली जातात. दुसरा असा की, बदलून देणारा आपला वाटा घेतल्याशिवाय बदलून देत नाही. त्याचा खरेदीचा भाव एक आणि विक्रीचा दुसरा. व्यवहारात पाऊल टाकणारा माणूस पहिल्या क्षणी तेवढ्या फरकाने तोट्यातच असतो.

१८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या मुलखासाठी ठरवला आणि या अंतर्गत बट्ट्याला ओहोटी लागली. बाहेरचा बट्टा मात्र राहिला. आपला रुपया चांदीचा, इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७१ नंतर जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले, पाठोपाठ युरोपातील इतर देशही चांदीपासून दूर गेले आणि चांदी घसरू लागली. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगापर्यंत उतरला. हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये व्याज, निवृत्तिवेतने आणि इतर देणी पौंडांत चुकवावी लागत. रुपया उतरला की त्याच देण्यासाठी रयतेकडून अधिक रुपये गोळा करावे लागत. अखेर १८९३ च्या जूनमध्ये टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीला बंद झाल्या आणि शतक संपता संपता दर १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिरावला.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि वारे उलटे फिरले. १९२० साली सरकारने दोन शिलिंगांचा दर जाहीर केला आणि लंडनवरील हुंड्या विकून तो टिकवण्याचा प्रयत्न केला. त्याच वर्षी तो नाद सोडावा लागला. साम्राज्याचा खजिना पाठीशी असलेल्या सरकारलाही बाजाराचा भाव हुकमाने रोखता आला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

यानंतरचा वाद हिल्टन यंग आयोगाचा. १९२६ साली त्याने १ शिलिंग ६ पेन्सांची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्सांचा आग्रह धरला. दोन पेन्सांसाठी एवढे रण का माजावे? हिशेब करून पाहू. विलायतेत एक पौंडाला विकलेल्या कापसाचे जुन्या दराने १५ रुपये हाती येत. नव्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंडामागे १ रुपया १० आणे ८ पै इतका फरक पडला. उलट तोच पौंड किमतीचे विलायती कापड इथे तेवढेच स्वस्त झाले, आणि मायदेशी पैसे पाठवणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यालाही आपल्या पगाराचे अधिक पेन्स मिळू लागले. १९२७ च्या कायद्याने हाच दर कायम झाला.

पण मग रुपया स्वस्त असणे हेच देशहित होते काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रुपयाविषयीच्या प्रबंधात या समजुतीलाच हात घातला. रुपया घसरला की भाव वाढतात, परंतु मजुरी त्या वेगाने वाढत नाही; तेव्हा निर्यातदाराचा लाभ बऱ्याच अंशी मजुराच्या पोटातून येतो, हे त्यांनी दाखवून दिले. ‘देशाचा फायदा’ या मोघम शब्दांमागे कोणाचा फायदा, असे विचारणे म्हणजे काय, हे शिकण्यासाठी साहित्याच्या विद्यार्थ्यानेही तो प्रबंध वाचावा.

हाच प्रश्न आजच्या नवख्या गुंतवणूकदाराने स्वतःला विचारायचा आहे: आपण कमावू तो पैसा कोणाचा, आणि गमावू तो कोणाकडे जाईल? ज्याला मालाचे पैसे द्यायचे आहेत किंवा मुलीच्या परदेशी शिक्षणाची फी भरायची आहे, त्याला भाव आधी बांधून घेण्याची गरज असते. नुसत्या अंदाजावर उतरणाऱ्याला ती नसते. त्यातून उसन्या बळाचा मोह. आपले दोन हजार ठेवून एक लाखाचा व्यवहार केला, तर भाव दोन टक्के उलटा जाताच मुद्दल संपते. भारतात चलनाचे वायदे शेअर बाजारात २००८ पासून सुरू झाले. परंतु अशा सौद्यामागे परकीय चलनातले खरे देणे-घेणे असले पाहिजे, हे रिझर्व्ह बँकेने २०२४ साली पुन्हा स्पष्ट केले. अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादीही ती २०२२ पासून प्रसिद्ध करीत आली आहे.

सराफ बट्टा कापी तो निदान डोळ्यांसमोर, नाणे कसाला लावून. आजचा बट्टा पडद्यावरच्या दोन आकड्यांमधल्या फटीत दडलेला असतो. तो ओळखता येणे हीच या विद्येची पहिली पायरी आहे; आणि ज्याला ती चढता आली, तो कदाचित दुसरी चढण्याची घाई करणार नाही.