चुन्याचा मकबरा

औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) ‘बीबी का मकबऱ्या’ला आपल्यातलेच काही जण ‘गरिबांचा ताज’ म्हणून मोकळे होतात. कारण काय, तर संगमरवर थोडा आणि चुना फार! ही हेटाळणी आम्हांला मान्य नाही.

दिलरस बानू बेगम १६५७ साली वारल्या. मकबरा त्यांच्या कबरीवर उभा आहे. प्रवेशद्वारावर अताउल्लाह आणि हंसपतराय ही नावे कोरली आहेत. अताउल्लाह हे ताजशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरींचे पुत्र. मुख्य घुमट आणि भिंतींचा खालचा पट्टा संगमरवरी. बाकी बहुतेक काळ्या पाषाणावर चुन्याचा गिलावा.

आता हा चुना म्हणजे काय? चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, मळून भिंतीवर चढवला की हवेतला तोच वायू हळूहळू शोषून पुन्हा दगड होतो. संगमरवर तरी कोण? भूगर्भातल्या उष्णतेने व दाबाने पालटलेली चुनखडीच. म्हणजे घुमट आणि गिलावा एकाच खनिजाचे, कॅल्साइटचे. (पानाला लावतो तो चुनाही याच कुळातला.)

द्वारावर दोन नावे तरी आहेत. भट्टी पेटवणाऱ्यांचे, चुना मळणाऱ्यांचे, गिलावा घोटणाऱ्यांचे नाव कुठेच नाही.

आणि आपण? जुन्या मशिदी-दर्ग्यांवर बेधडक सिमेंट थापतो. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडते आणि आतला जुना चुना भुसभुशीत होत जातो. डागडुजीची वर्गणी काढणाऱ्यांनी गवंड्याला आधी विचारावे, चुना मळता येतो का?