उघडून बघायची खोड

पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. जुन्या फिटरची तपासणी एवढीच. बेअरिंग धड असेल तर एकसुरी घरघर. आत कुठे पापुद्रा सुटला असेल तर त्या घरघरीत खडखड मिसळते. कारखान्यात अशा कानांना मान होता. पण कान निवृत्त झाला की त्याच्यासोबत सगळी नोंदही घरी जायची.

या ऐकण्याला आकड्यांत बसवण्याचं एक मोठं पाऊल पडलं ते विमा कंपनीत. टी. सी. रॅथबोन हा अमेरिकेतल्या अशाच एका कंपनीचा अभियंता. टर्बाइन मोडलं की भरपाई विमावाल्यांच्या गळ्यात. तेव्हा यंत्राची थरथर कुठवर सोसायची हे त्यांना आधी कळायला हवंच होतं. १९३९ मध्ये त्याने एक तक्ता छापला. वेग आणि हादरा मोजा, तक्त्यात बघा आणि चालू ठेवायचं की थांबवायचं ते ठरवा.

तरीही कारखान्यांचा जीव घड्याळावरच होता. ठरावीक तास भरले की यंत्र खोलायचं, पुसायचं, पुन्हा जोडायचं. या सवयीला पहिला जोरदार चिमटा काढला तो एका जीवशास्त्रज्ञाने. सी. एच. वॉडिंग्टन गर्भाच्या वाढीचा अभ्यासक. 'एपिजेनेटिक्स' हा शब्द त्याचाच. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये होता. जर्मन पाणबुड्यांच्या मागावरची तिथली विमानं दर ५० उड्डाणतासांनी तपासली जात. तपासणीनंतर बिघाड कमी व्हावेत आणि पुढे हळूहळू वाढावेत, अशी कुणाचीही अपेक्षा. आलेख निघाला नेमका उलटा: तपासणी झाल्या झाल्या बिघाड वाढलेले, मग उतरत गेलेले. नीट बसलेले भाग उगाच हलवल्यानेच विमानं बिघडत होती! यंत्रांवर वाढलेल्या माणसाला हे इतक्या सहज दिसलं असतं का, अशी शंका येते.

१९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांचा हिशेब मांडला. ८९ टक्के भागांच्या बाबतीत वयाची मर्यादा घालून काही पदरात पडत नव्हतं.

मग न उघडता आत बघायचं कसं? बेंटली नेवाडा कंपनीने फिरत्या शाफ्टला न शिवता त्याचं हलणं मोजणारे प्रोब रुळवले. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी गणिताची अशी झटपट रीत प्रसिद्ध केली की, हादऱ्यांच्या कालव्यातले सूर संगणकाला वेगळे काढता येऊ लागले. मिनिटाला १५०० फेऱ्यांची मोटर घ्या, म्हणजे सेकंदाला २५. तोल गेला असेल तर आलेखात २५वर रेघ चढते. अलाइनमेंट चुकली असेल तर बऱ्याचदा ५०वर. नऊ गोळ्यांचं ६२०५ बेअरिंग असेल आणि बाहेरच्या कडीला खड्डा पडला असेल, तर सेकंदाला सुमारे ९० ठोके. दोषागणिक सूर ठरलेला.

आज हादरे वाचण्याच्या या कामाला स्वतंत्र हुद्दा आहे आणि आयएसओ १८४३६च्या दुसऱ्या भागानुसार चार पायऱ्यांची परीक्षाही. पण खरी परीक्षा होते ती शटडाऊनच्या बैठकीत. 'बंदच आहे तर उघडून बघू की,' असं कुणीतरी म्हणतंच. अभियंता मागच्या सहा महिन्यांचे आलेख पुढे सरकवतो. एका पंपाची ९०जवळची रेघ दर महिन्याला वर चढलेली, शेजारच्याची सपाट. पहिल्याचं बेअरिंग निघतं, कापलं जातं. बाहेरच्या कडीवर तिळाएवढा खड्डा. शेजारच्या पंपाला कुणी पाना लावत नाही.